अडीच तास लांबलेला रोजा

मिरजेहून संध्याकाळी निघालेली गाडी पहाटे तीनच्या सुमारास मुंब्य्रात मामांच्या दारात थांबली, तेव्हा चार वर्षांचा धाकटा गाढ झोपेत होता आणि नऊ वर्षांची थोरली टक्क जागी. रमजानमध्ये उमऱ्याला निघालेलं हे पाच जणांचं कुटुंब. अब्बा, अम्मी, दादी आणि दोन मुलं. रमजानमधल्या उमऱ्याला हजइतकं पुण्य असल्याचं पैगंबरांचं वचन आहे. त्याने फर्ज असलेला हज काही माफ होत नाही, पण या महिन्यात मक्केला जाण्याची ओढ त्यामुळे फार जुनी. त्यासाठी तीन वर्षं पैसे बाजूला टाकले होते. पासपोर्ट, व्हिसा, औषधं, सगळं ठरवून झालं होतं. एकच गोष्ट ठरवायची राहिली होती, ती सहेरीच्या दस्तरखानावर समोर आली. थोरली म्हणाली, "मी आज रोजा ठेवणार."

प्रवाशाला रोजा न ठेवण्याची मुभा कुराणानेच दिली आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. अम्मीने ती मुभा घेतली होती. दादींना मधुमेह, त्यांना डॉक्टरांनी आधीच मनाई केली होती. अब्बांनी मात्र रोजा ठेवायचं ठरवलं आणि तिथेच पोरीचा हट्ट पक्का झाला. या वर्षी तिचे सात रोजे झाले होते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिने प्रत्येकापुढे हिरवी चांदणी काढली होती. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण मुलांच्या जगात ज्याची सक्ती नाही, त्याचीच चढाओढ जास्त.

पहाटे साडेपाचच्या सुमारास सहेरी संपली. विमान दुपारी दोनचं.

घरातल्या कुणीच एक साधा हिशेब केला नव्हता. सौदी अरेबियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. पश्चिमेकडे जाणारं विमान सूर्याच्या मागे धावतं, आणि रोजा घड्याळावर नव्हे, तर माणूस जिथे असेल तिथला सूर्य मावळल्यावर सुटतो. मिरजेत तेरा तासांत संपणारा त्या दिवसाचा रोजा या प्रवासात साडेपंधरा तासांचा होणार होता.

विमानात पहिले दोन तास मजेत गेले. अब्बांनी मुंबई विमानतळावरच इहराम बांधला होता. पुरुषांसाठी न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी, राजा असो वा हमाल, पोशाख हाच. धाकट्यासाठीही हौसेने छोटा इहराम घेतला होता. तो तासाभरात तीनदा सुटला, एकदा पायात अडकून पोरगं आपटलं, आणि शेवटी त्याने आपला डायनोसॉरचा शर्ट मागितला. अम्मीने मुकाट काढून दिला. मुलावर यातलं काहीच बंधनकारक नव्हतं. तिची स्वतःची अडचण वेगळीच होती. इहरामच्या नियतीनंतर सुगंध वर्ज्य, आणि मुलाचं तोंड पुसायला आणलेले सगळे ओले रुमाल गुलाबाच्या वासाचे. उमऱ्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत हे कुठेच नव्हतं. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी बिनवासाचं एक पाकीट पुढे केलं आणि म्हणाल्या, "माझं हे चौथं मूल, म्हणून ठाऊक."

पावणेसातला थोरलीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मिरजेत आता अजान झाली असेल. तिने रुमालात बांधून ठेवलेला खजूर काढला आणि खिडकीचा पडदा वर केला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"अब्बा, घड्याळ बिघडलंय का?"

अब्बांनी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, खजूर पुन्हा रुमालात बांधला आणि डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने वैमानिकाने मीकात जवळ आल्याची घोषणा केली. मीकात म्हणजे मक्केच्या चारही दिशांना ठरलेली हद्द, इहरामशिवाय उमऱ्याच्या यात्रेकरूने ती ओलांडायची नसते. विमानभर 'लब्बैक'चा घोष सुरू झाला. 'मी हजर आहे', एवढाच त्या शब्दाचा अर्थ. अब्बांचे डोळे भरून आले होते. अम्मी मात्र लेकीकडे पाहत होती. ओठ सुकलेले, चेहरा पांढराफटक. विमान खाली उतरू लागलं तशी पोरीला कोरडी उलटी झाली.

"पाणी पी," अम्मी म्हणाली.

"माझा रोजा तुटेल."

"तुझ्यावर फर्ज नाही, बेटा."

"पण मी ठेवलाय ना!"

अब्बा गप्प झाले. आपण ठेवला म्हणून हिने ठेवला, हे त्यांना आता लागत होतं. मधल्या सीटवरून दादी म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी एक रोजा सोडला नव्हता. गेल्या वर्षी डॉक्टरांनी नको म्हटलं, तेव्हा मीही तुझ्यासारखीच रडले होते. मग मशिदीतल्या मौलवींनी निरोप धाडला. ठेव म्हटलं तेव्हा ठेवला, तो त्याचा हुकूम. आता सोड म्हणतोय, तोही त्याचाच हुकूम. एक मानायचा आणि दुसरा मानायचा नाही, हे कसं?" एवढं बोलून त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि बाटली नातीच्या हातात दिली. पाजली नाही. पोरगी बराच वेळ बाटली धरून बसली. मग प्यायली, आणि पिताना रडली.

जेद्दाहला उतरले तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच वाजले होते. पारपत्राच्या रांगा, सामान, बस. बस विमानतळाबाहेर पडते न पडते तोच सूर्य मावळला. पहिल्या सिग्नलला काही तरुण पोरं गाड्यांच्या काचांवर टकटक करत इफ्तारची पाकिटं वाटत होती. रमजानमध्ये तिथल्या रस्त्यांवर हे रोजचं दृश्य. कोण कुठला, रोजा आहे की नाही, कुणी विचारत नाही. पाकिटात खजूर, पाणी आणि लबन, म्हणजे आपलं पातळ ताक. थोरलीने हात मागे घेतला. दादींनी पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. "देणाऱ्याने विचारलं का तुला?"

जेद्दाहपासून मक्का ऐंशी-नव्वद किलोमीटर. वाटेत महामार्गावर एक भव्य कमान लागते, उघड्या रिहलच्या आकाराची. रिहल म्हणजे कुराण ठेवायची लाकडी घडवंची. मदरशात रोज तीच मांडून बसणाऱ्या पोरीने ती अंधारातही ओळखली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. मग तिच्या लक्षात आणखी एक गोंधळ आला. सौदीत चांद आपल्या एक दिवस आधी दिसला होता. मिरजेहून आठव्या रोज्याची तयारी करून निघालेली ही मंडळी नवव्या रोज्यात उतरली होती. "म्हणजे एक रोजा विमानानेच खाल्ला," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

खोलीवर सामान टाकून, मुलांना दोन तास झोपवून, रात्री साडेअकराला सगळे हरमकडे निघाले. अम्मीने दोन्ही मुलांच्या मनगटावर पट्टी बांधून त्यावर फोन नंबर आणि हॉटेलचं नाव लिहिलं होतं. हरमच्या दरवाजांना क्रमांक आहेत. चुकामूक झाली तर कोणत्या दरवाजाशी थांबायचं, हे थोरलीकडून घोकून घेतलं. काबा दिसला तेव्हा दादी जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. धाकटा अब्बांच्या खांद्यावर झोपला होता. त्या गर्दीत अशी कितीतरी पोरं बापांच्या खांद्यावर होती. पंढरीच्या वाटेवर हे दृश्य पाहिलेल्या कुणालाही ते परकं वाटलं नसतं.

काब्याभोवती सात फेऱ्यांचा तवाफ झाला. मग सई, म्हणजे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा, एकूण तीन किलोमीटरहून थोडं जास्त चालणं. दादींसाठी चाकाची खुर्ची घेतली. चालता चालता अम्मीने लेकीला या खेपांची गोष्ट सांगितली. हजरत इब्राहिमांनी पत्नी हाजरा आणि तान्ह्या इस्माईलला या ओसाड खोऱ्यात आणून सोडलं. जवळ थोडे खजूर आणि पाण्याची एक पखाल. पाणी संपलं, बाळ तहानेने तळमळू लागलं. परका मुलूख, ओळखीचं कुणी नाही. आई या टेकडीवरून त्या टेकडीवर धावत राहिली, आणि शेवटी बाळाजवळ झमझमचा झरा फुटला.

मधल्या टप्प्यावर हिरवे दिवे आहेत. हाजरा जिथे धावल्या तिथे आता पुरुष भरभर चालतात. अब्बा झोपलेल्या पोराला सावरत भरभर पुढे गेले. थोरली आईचा हात धरून सावकाश चालत होती. "त्यांनी बाळाला रोजा नाही ना ठेवायला लावला?" तिने विचारलं.

"नाही. पाणी शोधलं."

पुढची खेप ती काहीच बोलली नाही. मरवाला सातवी खेप संपली. अम्मीने आणि दादींनी केसांचं टोक कापलं, अब्बा मुंडन करायला गेले. उमरा पुरा झाला. पैगंबरांना एका बाईने मूल उचलून विचारलं होतं, यालाही हज आहे का? आहे, आणि पुण्य तुला, असं त्यांनी सांगितलं. दादींनी खुर्चीत बसल्या बसल्या ही हदीस सुनेला ऐकवली. एरवी सुनेचं कौतुक करायची त्यांना सवय नव्हती.

खोलीवर परतल्यावर सहेरीला थोडाच वेळ उरला होता. निजताना थोरलीने बजावलं होतं, "मला उठवा, इथला पहिला रोजा माझा." अम्मी दोनदा तिच्या पलंगापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. शेवटी दादींनीच नातीच्या मनगटावरून घड्याळ हळूच काढलं, अडीच तास मागे केलं आणि उशाशी ठेवून दिलं. मग दिवा मालवला.