छताची रजई आणि विजेची तार

दिल्लीचा उन्हाळा ज्याने एकदा अनुभवला, त्याला त्याचे वर्णन करून सांगावे लागत नाही. सफदरजंग येथील वेधशाळेत २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. २०२४ च्या मे महिन्यातही तेथील पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला. जुन्या दिल्लीतील हवेल्यांच्या जाड भिंती आणि उंच छते या उन्हाला काही काळ थोपवून धरीत. आजच्या सदनिकेवर मात्र काँक्रीटची पातळ स्लॅब असते. ती दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडीत राहते. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला याची झळ सर्वांत अधिक पोचते.

म्हणून दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद या परिसरात स्लॅबच्या खाली जिप्समचे दुसरे छत बसवून त्यावर काचलोकरीचे किंवा थर्मोकोलचे थर घालण्याची पद्धत रूढ झाली आहे. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. खोली थंड राहते आणि विजेचीही बचत होते. परंतु त्याच पोकळीतून दिव्यांच्या, पंख्यांच्या आणि वातानुकूलन यंत्राच्या तारा गेलेल्या असतात, आणि थर पसरताना त्या सहजच त्याखाली गाडल्या जातात. या तारांचे पुढे काय होते, हे आपण येथे पाहू.

तार का तापते?

तांबे उत्तम वाहक असले, तरी ते प्रवाहाला थोडा विरोध करतेच. या विरोधामुळे विजेचा काही अंश उष्णतेत रूपांतरित होतो. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम इंग्लंडमधील जेम्स जूल याने १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. घरात नेहमी आढळणारी २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घ्या. तापलेल्या अशा तारेतून १० अँपिअर प्रवाह गेला, तर दर मीटरमागे सुमारे ०.९ वॉट उष्णता निर्माण होते. २० अँपिअर गेला, तर सुमारे साडेतीन वॉट. जाणारी आणि येणारी अशा दोन तारा असल्याने केबलमध्ये याच्या दुप्पट उष्णता उत्पन्न होते.

ही उष्णता भोवतालच्या हवेत किंवा भिंतीत निघून गेली, तर काही बिघडत नाही. तारेवरील पीव्हीसीचे वेष्टन ७० अंशांपर्यंतची उष्णता दीर्घकाळ सोसू शकते. त्यापलीकडे ते लवकर जुने होते, कडक बनते आणि अखेरीस तडकते. तडकलेल्या वेष्टनातून तारेचा तारेशी संपर्क झाला, तर ठिणगी पडते. आणि ती पडते छतामागे, जेथे ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

एकच तार, तीन क्षमता

थंडीच्या दिवसांत आपण रजई पांघरतो. रजई स्वतः ऊब निर्माण करीत नाही. शरीराची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. काचलोकर तारेच्या बाबतीत नेमके हेच करते. विटेच्या तुलनेने काचलोकरीतून उष्णता कितीतरी मंद गतीने वाहते. खोलीला तिचा उपयोग होतो तो याच गुणामुळे.

आता थोडे गणित करू. आंतरराष्ट्रीय कोष्टकांनुसार २.५ चौरस मिलिमीटरची दुतारी पीव्हीसी केबल भिंतीवर उघडी बसविली आणि भोवतालचे तापमान ३० अंश असले, तर ती २७ अँपिअर प्रवाह वाहून नेऊ शकते. अशा वेळी तारेचे तापमान ३० वरून ७० वर, म्हणजे ४० अंशांनी चढते.

समजा, दिल्लीच्या मे महिन्यात छतामागील पोकळी ५० अंशांवर गेली. आता तारेला केवळ २० अंशच चढण्याची मुभा उरली. उष्णता निम्मी करावयाची, तर वर्गाच्या नियमानुसार प्रवाह सुमारे ०.७१ पटीवर आणावा लागेल. म्हणजे २७ चे १९ अँपिअर झाले.

आणि तीच केबल अर्ध्या मीटरहून अधिक लांबीपर्यंत काचलोकरीत चोहोबाजूंनी गुरफटलेली असेल, तर कोष्टके तिची क्षमता आणखी निम्मी धरावयास सांगतात. १९ चे साडेनऊ अँपिअर उरले! तार तीच, तांबे तेच. केवळ भोवतालची परिस्थिती बदलली. तारेची क्षमता केवळ तारेच्या जाडीवर ठरत नाही, हे यावरून वाचकांच्या ध्यानात येईल. एकाच नळीतून दोन मंडलांच्या तारा नेल्या, तर हा आकडा याहूनही खाली येतो.

रक्षकाला हे कळत नाही

कोणी म्हणेल, ‘एमसीबी आहे ना? ती प्रवाह तोडील.’ येथेच खरा धोका आहे. एमसीबीला प्रवाह कळतो, छतामागील तारेचे तापमान कळत नाही. २० अँपिअरची एमसीबी २० अँपिअर निर्धास्तपणे जाऊ देते. प्रमाणकानुसार सुमारे साडेबावीस अँपिअरलाही ती तासभर तुटत नाही. साडेनऊ अँपिअरची क्षमता उरलेल्या तारेचे रक्षण ती कसे करणार?

त्यातच छत सर्वाधिक तापते तेव्हाच घरातील यंत्रेही सर्वाधिक चालतात. १९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली, ती उकाड्यामुळेच. तारेला थंडाव्याची सर्वाधिक गरज असते, त्या घटकेलाच तिला तो सर्वांत कमी मिळतो.

उपाय

पहिला आणि उत्तम उपाय म्हणजे तारा थराच्या बाहेरून नेणे. थर ओलांडणे अटळ असेल, तर तो सरळ आणि आखूड मार्गाने ओलांडावा. दुसरा उपाय जाड तारेचा. वरील स्थितीत १६ अँपिअरच्या एमसीबीसाठी ६ चौरस मिलिमीटरची केबल लागेल. तिची मूळ क्षमता ४६ अँपिअर असल्याने दोन्ही कपातींनंतरही १६ अँपिअर शिल्लक राहतात. तिसरा उपाय म्हणजे जुनी तार बदलणे शक्य नसल्यास भार आणि एमसीबी, दोन्ही कमी क्षमतेची करणे.

थर्मोकोलविषयी एक वेगळी सूचना आहे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये थर्मोकोलच्या स्पर्शाने त्यात झिरपतात, आणि वेष्टन ठिसूळ बनते. म्हणून या दोहोंचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ देऊ नये.

ही कामे परवानाधारक तंत्रज्ञानेच करावयाची आहेत. भारतीय मानक ब्यूरोने घरगुती तारजोडणीसाठी आयएस ७३२ ही संहिता केलेली असून तिची सुधारित आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. घरमालकाने करावयाचे काम मात्र सोपे आहे. जिप्समचे तक्ते बंद होण्यापूर्वी एकदा शिडीवर चढून तारा कोठून जातात ते पाहावे, त्यांचे छायाचित्र घेऊन ठेवावे आणि तंत्रज्ञाला विचारावे, ‘थर पसरल्यावर या तारेची क्षमता किती उरेल, आणि तिच्यावरील एमसीबी किती अँपिअरची आहे?’ पहिला आकडा दुसऱ्याहून लहान निघाला, तर छत बंद करण्याची घाई करू नये.