बाळंतपणानंतर लघवी सुटते? लपवू नका, उपाय आहे

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असते. गेल्या खेपेला वस्तीतल्या एक ताई पहिले आठ दिवस आल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. चौकशीला घरी गेलो तर आधी मोठ्याच्या शाळेचे कारण निघाले, मग पावसाचे. चहा झाला, आम्ही चपला घातल्या, तेव्हा त्या दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "तासभर सतरंजीवर बसले की उठताना लघवी जाते. शिंक आली तरी जाते. पांढरी साडी नेसून कसं यायचं विहारात?" त्यांचे धाकटे बाळ तेव्हा सात महिन्यांचे होते.

सासूबाई आत भाकऱ्या करीत होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. तिथूनच म्हणाल्या, "त्यात काय एवढं? माझं तर तीस वर्षं असंच आहे. बायकांचं असंच असतं."

बायकांचे असेच असते, हे खरे नाही. अगदी पुष्कळ बायकांना होते, हे मात्र खरे. बाळंतपणानंतर साधारण तीनातल्या एका बाईला थोडीफार लघवी सुटण्याचा त्रास होतो. पुष्कळजणींना होतो म्हणजे तो अंगवळणी पाडून घ्यायचा, असा त्याचा अर्थ नाही. सर्दी सगळ्यांनाच होते, म्हणून कोणी ती तीस वर्षे ठेवत नाही.

आधी नेमके काय होते ते समजून घेऊ. आपल्या ओटीपोटाला खालून एक तळ असतो. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी बांधल्यासारखा. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाचा मार्ग हे तिन्ही या झोळीवर टेकलेले असतात. डॉक्टर याला पेल्विक फ्लोअर म्हणतात, आपण ओटीपोटाचा तळ म्हणू. नऊ महिने बाळाचे, पाण्याचे, वारेचे ओझे याच झोळीवर असते. बाळ खालून बाहेर येताना ती कितीतरी ताणली जाते, कधी फाटते, कधी टाके पडतात. ज्यांचे सिझर झाले त्यांना वाटते आपण सुटलो. पण नऊ महिन्यांचा भार त्यांच्याही झोळीने वाहिलेला असतो, आणि वर पोटाची चिरही असते.

झोळी सैल पडली की खोकताना, हसताना, हंडा उचलताना लघवी निसटते. कोणाला वात आवरत नाही. कोणाला खाली जड वाटते, काहीतरी उतरल्यासारखे, आणि पुढे अंग बाहेर येते. कमर सतत दुखते. नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, तेही कोणाला सांगता येत नाही.

न सांगण्याचा हा प्रकार किती खोल आहे, हे आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखवले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या १०० पैकी फक्त ८. तो अभ्यास सगळ्या स्त्रीरोगांचा होता, एकट्या लघवीच्या त्रासाचा नाही. पण ज्या बाईला तपासलेच नाही तिचा त्रास कोणाच्या कागदावर येणार?

आता उपायाकडे वळू. या झोळीचे स्नायू हातापायाच्या स्नायूंसारखेच आहेत; कामाला लावले की पुन्हा घट्ट होतात. आर्नल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४८ साली हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगलचा व्यायाम म्हणतात. याला पैसा लागत नाही, वेगळी खोली लागत नाही, आणि दहा बाय दहाच्या घरात सगळे समोर बसलेले असताना केला तरी कोणाला कळत नाही. आमच्या मते हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

पहिल्यांदा मात्र निजूनच करा. पाठीवर निजा, गुडघे वर घ्या, पावले जमिनीला टेकवा. चारचौघांत बसलो असताना वात सरायला आला तर आपण शौचाची जागा आवळून धरतो ना, तशी आवळा. त्याच वेळी लघवी थांबवल्यासारखे पुढूनही आवळा. आतून काहीतरी वर उचलले गेल्यासारखे वाटले की तोच तो स्नायू. मनात तीन ते पाच अंक मोजेपर्यंत धरा, मग पूर्ण सोडा. सोडणेही आवळण्याइतकेच महत्त्वाचे, म्हणून तेवढाच वेळ सैल राहू द्या. असे आठ ते दहा वेळा. त्यानंतर पटापट आवळा-सोडा, तेही आठ ते दहा वेळा. दिवसातून तीनदा. जमेल तसे धरण्याचे अंक हळूहळू दहापर्यंत न्या.

चुका दोन होतात. एक म्हणजे ढुंगण, मांड्या आणि पोट आवळून श्वास कोंडून धरणे. विहारात आनापान करणाऱ्या बायकांना हे लवकर उमगते: श्वास आपल्या गतीने चालू द्यायचा, सोडताना आवळायचे, घेताना सैल करायचे. दुसरी चूक म्हणजे रोज लघवी करताना धार तोडून सराव करणे. तसे करू नका. त्याने पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

सुरुवात केव्हा करायची? साधे बाळंतपण असेल तर एक-दोन दिवसांत, दुखणे सोसेल तितके. टाके असले तरी हलके आवळल्याने ते उसवत नाहीत. सिझर असेल तर लघवीची नळी काढल्यावर. गुण यायला निदान तीन महिने लागतात, आणि इथेच बहुतेकजणी पंधरा दिवसांत सोडून देतात. आम्ही त्या ताईंना म्हटले, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने वर्षावास पाळता ना, तसेच हेही पाळा. बाळाला पाजायला बसले की एक फेरी, अशी सवय त्यांनी लावून घेतली.

पोटाचेही थोडे बोलू. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकतात. निजून गुडघे वर घ्या, बेंबीवर बोटे आडवी ठेवा आणि डोके-खांदे जरासे उचला. मध्ये दोनपेक्षा जास्त बोटांची खाच लागली, किंवा पोट तंबूसारखे वर आले, तर फट आहे असे समजा. पुष्कळजणींची ती आठ आठवड्यांत बरीच भरते. तोवर दोन्ही पाय एकदम उचलणे, निजून झटक्याने उठून बसणे टाळा. कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. श्वास सोडत बेंबी हलकेच पाठीकडे ओढणे, निजून एक टाच सरकवत पाय लांब करणे आणि परत घेणे, थोडे चालणे, एवढे पहिल्या महिन्यात पुरे. दोन महिन्यांनंतरही खाच तशीच असेल तर फिजिओथेरपीच्या डॉक्टरांना दाखवा.

पोट बांधण्याची आपल्याकडे रीत आहे. सैलसर बांधले तर कमरेला आधार वाटतो, सिझरनंतर उठता-बसता बरे वाटते. पण पोट आत जावे म्हणून करकचून बांधले की दाब खाली जातो, आणि तिथलीच झोळी तर सैल झालेली असते. आणखी एक रीत आम्हाला फार खटकते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, टाके ओले राहतात म्हणे! पाणी तोडले की शी कडक होते, कुंथावे लागते आणि रोजच्या कुंथण्याने झोळी आणखी खचते. तिला तहानेप्रमाणे भरपूर पाणी द्या. पालेभाजी, सालीची डाळ, पेरू द्या. डिंकाचे, अळिवाचे लाडू असतील तर छानच, पण लाडू दिले म्हणून भाजी बंद करू नका.

खरी अडचण पाण्याचीच, पण वेगळ्या पाण्याची. पहिले सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलू नये, असे डॉक्टर सांगतात. आपल्या वस्तीत नळ गल्लीच्या तोंडाशी, त्यालाही पाणी तासभर. वीस लिटरचा कॅन भरला की वीस किलो होतो. तो सव्वा महिना कोणी उचलायचा, हा प्रश्न घरातल्या पुरुषांसाठी आहे. उत्तरही त्यांनीच द्यावे, आणि नळावर उभे राहून द्यावे. पुढे बाईला उचलावेच लागले तर कॅन अंगाजवळ घ्यायचा, गुडघ्यांत वाकायचे, उचलण्याच्या आधी खालून आवळायचे आणि श्वास सोडत उचलायचे.

बाळंतिणीची विश्रांती ही चैन नाही, हे आपल्याला बाबासाहेबांनी सांगून जवळजवळ शंभर वर्षे होत आली. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजेचा हक्क आहे. मागच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेले असावे लागते. ठेकेदाराकडे झाडूकाम करणाऱ्या भगिनींनी हे विचारून घ्यावे. घरकाम करणाऱ्यांना हा कायदा लागू नाही, आणि आपल्यातल्या किती जणी तेच काम करतात, हे इथे लिहायची गरज नाही. पंधराव्या दिवशी त्या पुन्हा कोणाची तरी फरशी पुसायला उकिडव्या बसतात.

तीन महिने नेमाने करूनही लघवी सुटत असेल, शी किंवा वात आवरत नसेल, अंग बाहेर येत असेल, तर आशाताईंना सांगा किंवा थेट सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात केसपेपर काढा. "पोटात दुखतं" असे मोघम सांगू नका. "बाळंतपणापासून लघवी सुटते" असे शब्द वापरा, नाहीतर गोळ्या देऊन परत पाठवतील. ताप येणे, घाण वास येणे, लघवी अजिबात न होणे, तासाभरात कपडा भिजेल इतके रक्त जाणे, पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे, यांत मात्र वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आणि कोणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा गर्भपिशवी काढलेल्या १३ हजारांहून जास्त निघाल्या. कधीकधी ती शस्त्रक्रिया खरोखरच लागते. पण पिशवी काढल्याने सैल झोळी घट्ट होत नाही, आणि लघवी सुटण्यावर तो इलाजच नाही.

त्या ताईंनी तीन महिने नेम पाळला. आता चढ चढताना, हंडा उचलताना काही होत नाही. जोराची सर्दी झाली की अजून एखादा थेंब जातो म्हणतात. सासूबाईंना आम्हीच रुग्णालयात नेले. त्यांचे अंग उतरले होते. डॉक्टरांनी आतून आधाराला रबरी रिंग बसवली, शस्त्रक्रिया केली नाही. केगलचा व्यायाम त्यांनाही सांगितला, वय कितीही असले तरी करता येतो म्हणून. तीस वर्षांचे दुखणे, आणि तपासायला पंधरा मिनिटे लागली.

परतताना एसटीत त्या म्हणाल्या, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे तर आदल्या दुपारपासून पाणी पीत नव्हते, रांगेत पंचाईत नको म्हणून. यंदा बाटली भरून घेऊन गेल्या.