टेप, डिस्क आणि दोन पूर

२००४ साली सांगलीच्या गावभागात लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ टाकला, तेव्हा कॉम्प्युटरमध्ये ८० जीबीची एकच डिस्क होती. मिनीडीव्हीची तासाभराची टेप उतरवली की १३ जीबी जागा जायची, आणि एका लग्नाच्या तीन-चार टेपा. एडिटिंग संपून डीव्हीडी पार्टीच्या हातात पडली की डिस्क पुसायची, पुढचं लग्न घ्यायचं. यात धोका वाटला नाही, आणि तो नव्हताही. मूळ टेप कपाटात असायची.

तिची किंमत फार उशिरा कळली. २०१० मध्ये कॅनन फाइव्ह डी मार्क टू घेतला आणि शूटिंग कार्डावर आलं. चेहऱ्यामागचा तो मऊ धूसरपणा बघून आम्ही हरखून गेलो. पण टेप स्वस्त म्हणून राहायची, कार्ड महाग म्हणून दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी रिकामं व्हायचं. कॅमेरा बदलला त्या दिवशी आमच्याकडची एक प्रत कमी झाली, आणि स्टुडिओत कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही.

२०११ साली थायलंडमध्ये पूर आला. हार्ड डिस्क बनवणारे मोठे कारखाने तिथे. ऑक्टोबरात वेस्टर्न डिजिटलच्या कारखान्यात पाणी शिरलं आणि काही आठवड्यांत इथल्या दुकानातही डिस्कचे भाव कडाडले. दुसरी डिस्क घ्यायचं ठरलं होतं, ते मी भाव उतरेपर्यंत पुढे ढकललं. २०१२ च्या मे महिन्यात एक्स्टर्नल डिस्क चालू असतानाच टेबलावरून पडली. आतून टक् टक् आवाज येत राहिला. पुण्याला रिकव्हरीला पाठवली. हेड तबकडीवर घासलं होतं, काहीच निघालं नाही. तिच्यावर जे लग्न होतं, त्यात नवरीच्या आजोबांनी स्वतः मंगलाष्टकं म्हटली होती. फोटो वेगळ्या डिस्कवर होते, ते वाचले. आवाज गेला. श्रावणात आजोबाही गेले. नवरीचे वडील दुकानाच्या पायरीवर बसले होते, आणि त्यांना सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. आजही नाहीत.

मग शिकत गेलो. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम वाचला: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. चार डिस्कचा डबा घेतला, रेड ५ वर लावला. ४ टीबीच्या चार डिस्क, पण वापरायला १२ टीबी. एका डिस्कइतकी जागा उरलेल्यांचा हिशेब ठेवण्यात जाते. एक डिस्क उडाली तरी काम थांबत नाही. मात्र चुकून पुसलेला फोल्डर रेड परत देत नाही, तो चारही डिस्कांवरून एकदमच जातो. कितीतरी स्टुडिओवाले अजून रेडलाच बॅकअप समजतात. मला त्यांची खरोखर काळजी वाटते.

फोर-के आलं तसं एडिटिंग अडखळायला लागलं. तीन कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे मिळून जेमतेम ३८ मेगाबाइट. ७२०० आरपीएमची डिस्क सलग फाइल १५० मेगाबाइटच्या वेगाने सहज वाचते. मग अडतं कुठे? डिस्कचा हात तीन फायलींमध्ये उड्या मारतो आणि वेळ त्या उड्यांत जातो. एसएसडीला असा हातच नाही. म्हणून चालू लग्न एसएसडीवर आणि संपलेलं डब्यात, अशी वाटणी केली. नवा कॉम्प्युटर घ्यायला निघालो होतो, तो घ्यावा लागला नाही.

दुसऱ्या जागची प्रत मात्र राहूनच गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढली. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या. भाच्याने आणि मी डबा नि सुट्या डिस्का चादरीत गुंडाळून स्टीलच्या पिंपात घातल्या आणि बोटीतून काढल्या. तिथून थेट तासगावला, बहिणीकडे. तेव्हापासून एक संच तिच्या कपाटातच असतो, महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो बदलून आणतो. आणताना दोन-चार जुन्या फायली उघडूनही बघतो. प्रत नुसती असून भागत नाही, ती वाचता यायला हवी.

टेपा पोटमाळ्यावर होत्या, कोरड्या राहिल्या. आता त्या उतरवतोय. टेप ज्यातून उतरते त्या फायरवायर जोडणीसाठी जुना कॉम्प्युटर मुद्दाम जिवंत ठेवलाय. तासाच्या टेपला तासच लागतो, लागू दे. परवा २००५ मधल्या एका लग्नाची मंगलाष्टकं शेवटपर्यंत ऐकत बसलो होतो.