द्रोणागिरीच्या पोरांनी बघावं असं एक कॉलेज

द्रोणागिरीत राहणाऱ्याला कंटेनर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सोसायटीच्या गेटाबाहेर पडलं की ट्रेलरची रांग, आणि यार्डात एकावर एक रचलेले लाल-निळे डबे. शेजारचं जेएनपीए बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. २०२४-२५ या वर्षात तिथून सत्तर लाखांहून जास्त टीईयूंची उलाढाल झाली. वीस फुटी डबा धरायचा एक, चाळीस फुटी धरायचा दोन, असा हा हिशेब. एवढा पसारा घेऊन येणाऱ्या जहाजावर माणसं जेमतेम वीस-पंचवीस असतात. ती कुठे शिकतात, हे मात्र नाक्यावर विचारून कळणार नाही.

त्यातली एक जागा उरण लोकलच्या वाटेवरच आहे. १२ जानेवारी २०२४ ला खारकोपर ते उरण मार्ग उघडला आणि द्रोणागिरीला स्टेशन मिळालं. नेरूळची गाडी धरून सीवूड्सला उतरायचं, तिथून रिक्षाने करावे. तिथे खाडीकाठी आहे टी. एस. चाणक्य, म्हणजेच इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा नवी मुंबई कॅम्पस. टी. एस. म्हणजे ट्रेनिंग शिप. इमारती जमिनीवर आहेत, पण नाव जहाजाचंच राहिलं आहे आणि त्याला कारण आहे.

इंग्रजांच्या आगबोटींवर कोकणातली माणसं पिढ्यानपिढ्या राबली. खलाशी, तांडेल, फार तर सारंग. ब्रिजवर उभा राहून हुकूम देणारा अधिकारी गोरा. १९१९ साली सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सोबत्यांनी सिंदिया कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडची ‘लॉयल्टी’ बोट विकत घेतली आणि ५ एप्रिलला ती मुंबईहून लंडनकडे निघाली. बोट देशी, मालक देशी; पण ती चालवणारे देशी अधिकारी आणायचे कुठून? या प्रश्नाचं उत्तर १९२७ मध्ये ‘डफरिन’च्या रूपात आलं. सैनिकांची ने-आण करणारं हे जुनं जहाज मुंबई बंदरात उभं करून त्यावर मुलांना शिकवायला सुरुवात झाली. पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी १९५८ मध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९७२ मध्ये डफरिनची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ मध्ये शाळा करावेच्या जमिनीवर आली. २००८ च्या कायद्याने केंद्रीय मेरिटाइम विद्यापीठ झालं, मुख्यालय चेन्नईला, आणि चाणक्य त्याचा कॅम्पस बनला.

इथला मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा बीएस्सी नॉटिकल सायन्स, निवासी. पहाटेची पीटी, गणवेश, परेड, शिस्त. आईबापांना हे लष्करासारखं वाटतं, आणि काही पोरं त्यापायीच पळ काढतात. पण या शिस्तीचं काम काय ते जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणात कळतं. जहाजावर जाणाऱ्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे. उंचावरून पाण्यात उडी मारताना एका हाताने नाक-तोंड दाबायचं, दुसऱ्याने लाइफजॅकेट घट्ट धरायचं, पाय जुळवायचे आणि नजर समोर ठेवायची. खाली पाहिलं की अंग पुढे झुकतं आणि माणूस तोंडावर आपटतो. रबरी तराफा उलटा पडला असेल तर गॅसच्या नळकांड्याच्या बाजूला उभं राहून पट्टा धरायचा आणि पाठीवर पडत तो अंगावर ओढून घ्यायचा. तराफा अंगावर येतो तेव्हा घाबरायचं नाही, हे वहीत लिहून येत नाही. पाण्यात उतरूनच शिकावं लागतं.

दुसरं मोठं प्रकरण दिशेचं. जीपीएस आल्यावरही सेक्स्टंट शिकवतात, आणि मला ते योग्यच वाटतं. उपग्रहाचा सिग्नल बिघडवता येतो, सूर्य बिघडवता येत नाही. २१ मार्चच्या सुमारास आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, घड्याळात पाऊण वाजण्याच्या आसपास. त्या वेळी त्याची उंची साधारण ७१ अंश भरते. ९० मधून ७१ गेले, उरले १९. हाच द्रोणागिरीचा अक्षांश, अंशाच्या थोड्याफार फरकाने. इतर दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते पंचांगासारख्या तक्त्यात पाहून हिशेबात धरायचं. जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांच्या तपासणीत रंगांधळेपणा चालत नाही, त्याचं कारणही साधं आहे. रात्री समोरच्या जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. तेवढ्यावरून ते कुठे चाललंय हे ठरतं.

कॅम्पसचं वर्ष मोजायचं तर समुद्री दिनांवरून. ५ एप्रिल, ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाचा राष्ट्रीय सागरी दिन; त्याआधीच्या आठवड्यात मर्चंट नेव्हीचे कार्यक्रम असतात. १८ मे हा सागरी क्षेत्रातल्या महिलांचा आंतरराष्ट्रीय दिन २०२२ पासून पाळला जातो. २५ जून खलाशांचा दिवस. सप्टेंबरचा शेवटचा गुरुवार जागतिक सागरी दिन.

नवी मुंबईत मात्र चाणक्य हे नाव पोरांपेक्षा फ्लेमिंगोंमुळे जास्त ठाऊक आहे. शेजारच्या पाणथळीवर कॅमेरे रोखून लोक बसतात. याच पट्ट्यातल्या गोल्फ कोर्सचा बेत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोडून काढला. पक्षी बघायला येणाऱ्यांनी कधीतरी कॅम्पसच्या फाटकाचीही चौकशी करावी.

उरण-पनवेलच्या जमिनी बंदरासाठी, शहरासाठी गेल्या. त्यावरून झालेल्या १९८४ च्या आंदोलनात माणसं गेली. त्या बदल्यात परत मिळायच्या साडेबारा टक्के जमिनीचा हिशेब आजही घराघरांत निघतो. बंदरात नोकरी हवी ही मागणी रास्तच आहे, पण ती बहुधा गेटापर्यंतच पोचते. जहाजाच्या शिडीपर्यंत का नको? वाढवणच्या बंदराचंही भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं आहे; माणसं लागतच राहणार. सहा-सहा महिने घराबाहेर राहणं सोपं नाही, सणवार समुद्रातच जातात, हेही खरं.

ज्याला जायचं असेल त्याने बारावीला भौतिक, रसायन, गणित घ्यावं आणि दरवर्षीच्या आयएमयू-सीईटी या प्रवेश परीक्षेच्या तारखेवर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून लक्ष ठेवावं. दहावीनंतर खलाशी व्हायचं तर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांचा रेटिंगचा कोर्स आहे. आणि शिपवर लावून देतो म्हणून कुणी एजंट पैसे मागू लागला तर त्याचा खलाशी भरतीचा (आरपीएसएल) परवाना क्रमांक आधी मागा आणि नौवहन महासंचालनालयाच्या यादीत तपासा. परवाना असला तरी नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं कायद्याने बंद आहे; मागितले तर देऊ नका, तक्रार करा.