लंडन ते जालना : तास किती?

मुंबईहून लंडन आता नऊ तासांवर आले, असे आपण सहज म्हणतो. ज्यांची मुले तिकडे आहेत, त्या आमच्यासारख्यांना तर हा आकडा पाढ्यासारखा पाठ असतो. आकडा खोटा नाही. पण तो आहे कशाचा, हे एकदा पाहायला हवे.

पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणा. सपाट नकाशावरची सरळ रेघ सीरियावरून जाते. गोलावरचा दोरा मात्र इराण आणि काकेशस पर्वतावरून जातो आणि भरतो सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाला त्या दोऱ्यावरून जाऊ देतील तर ना! कुठे लढाई, कुठे बंद आकाश. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केले, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक विमानांना वळसा पडला. शिवाय उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून जाताना साडेनऊ-दहा तास, येताना नऊच्या आसपास. घड्याळाची गंमत आणखी निराळी. हिवाळ्यात दुपारी एकला मुंबई सोडलेले विमान लंडनच्या घड्याळात पाचच्या सुमारास उतरते! येताना तेच साडेपाच तास उलटे अंगावर पडतात.

आमच्या समोरच्या घरातील आजोबा दोन वर्षांपूर्वी पहाटे गेले. मुलगा लंडनला. "नऊ तासांचे तर विमान, दिवे लागायच्या आत येईल," असे जमलेल्या मंडळींनी ठरवून टाकले. तो पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी. बर्फाच्या लाद्या बदलण्यात रात्र गेली. आजी मात्र दर तासाला विचारीत होत्या, "विमान कुठवर आले?"

विमान केव्हाच आले होते. राहिले होते जालना.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला प्रथम निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. त्या काळी जालन्याचा माणूस मीटरगेजने मनमाडला येऊन मुंबईची गाडी पकडीत असे. पुढे नव्वदच्या दशकात रुंद रूळ आले, डिसेंबर २०२३ मध्ये वंदे भारतही आली. तरी सुमारे ४४० किलोमीटरला सात तास लागतातच. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पुरता खुला झाल्यामुळे मोटारीने थोडे लवकर येता येते. चिकलठाण्याला विमान आहे खरे, पण मध्यरात्री मुंबईत उतरलेल्या माणसाने उजाडण्याची वाट पाहायची.

आता बेरीज करा. लंडनचे घर ते विमानतळ दीड तास, उड्डाणाआधी तीन, हवेत नऊ, मुंबईत पारपत्र आणि सामान दीड, पुढे सात. झाले बावीस, तेही तिकीट लगोलग मिळाले तर.

आमच्या दूरध्वनीच्या वहीत पहिल्याच पानावर मी 'बावीस' असे लिहून ठेवले आहे. त्याखाली एका ओळखीच्या मोटारवाल्याचा क्रमांक आहे. रात्री-अपरात्री सहारला उभा राहीन, असे त्याने कबूल केले आहे. लेकीलाही तो क्रमांक देऊन ठेवला आहे.