खर्जाचे वादक : हौशी बेस गिटारवादकांचे संगीतविषयक संभाषण (रोडपाली, ता. पनवेल या परिसराच्या संदर्भात)

सारांश :
समूहसंगीतातील सर्वांत खालचा स्वर सांभाळणारा वादक हा श्रोत्यांच्या दृष्टीने बहुधा अदृश्य असतो. हौशी बेस गिटारवादक एकत्र जमले म्हणजे त्यांचे बोलणे प्रामुख्याने बँड, सुपारी आणि संगीतप्रकार या तीन विषयांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात या संभाषणामागील सांगीतिक व ध्वनिशास्त्रीय आशय स्पष्ट केला असून, रोडपालीसारख्या नव्याने वसलेल्या नागरी परिसरात या वादकांपुढे उभ्या राहणाऱ्या अडचणींचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : बेस गिटार, खर्ज, पट्टी, सुपारी, बेंजो, ध्वनिनियमन

प्रस्तावना :
मराठी लिपीत 'पाया' या अर्थाचा 'बेस' आणि 'खालचा नाद' या अर्थाचा 'बेस' हे दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात. मूळ भाषेत त्यांचे उच्चार एक असले तरी शब्द भिन्न आहेत. तथापि मराठीत झालेली ही सरमिसळ अर्थाच्या दृष्टीने चुकीची ठरत नाही, कारण समूहसंगीतात खालचा नाद हाच पाया असतो. अलीकडे मात्र या शब्दाला तिसरा अर्थ चिकटला आहे. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीतून येणारा, छातीवर आदळणारा दणका म्हणजे 'बेस', अशी सर्वसामान्य समजूत दिसते. बेस हा वाजवावा लागतो, त्याला बोटे, कान आणि संयम लागतो, ही गोष्ट त्यामुळे झाकली जाते. हौशी बेसवादकांचे संभाषण समजून घेण्याची गरज येथेच निर्माण होते.

लेखाची उद्दिष्टे :
१. बेस गिटार या वाद्याची घडण व कार्य स्पष्ट करणे.
२. हौशी वादकांच्या संभाषणातील प्रमुख विषयांचा अर्थ विशद करणे.
३. रोडपाली परिसरातील नागरी जीवन व ध्वनिविषयक नियम यांच्या संदर्भात या वादकांच्या अडचणी मांडणे.

वाद्याची घडण व पूर्वपीठिका :
पाश्चात्त्य वाद्यवृंदात खालच्या स्वरांची जबाबदारी 'डबल बेस' या उभ्या, माणसाच्या उंचीच्या तंतुवाद्याकडे होती. हे वाद्य अवजड असून मोठ्या समूहात त्याचा आवाज दबून जात असे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टुटमार्क यांनी विजेवर चालणाऱ्या आडव्या बेसचा प्रयोग केला. परंतु हे वाद्य सर्वत्र रुजले ते लिओ फेंडर यांच्या १९५१ मधील 'प्रिसिजन बेस'मुळे. गिटारप्रमाणे पडदे बसविल्यामुळे स्वर अचूक लागतो, म्हणून त्यास हे नाव मिळाले.

चार तारांच्या बेस गिटारच्या मोकळ्या तारा अनुक्रमे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ कंपनसंख्येचे स्वर देतात. मानवी श्रवणाची खालची मर्यादा साधारणतः २० हर्ट्झ मानली जाते. म्हणजेच हे वाद्य ऐकू येण्याच्या सीमेच्या जवळ वावरते. भ्रमणध्वनीच्या लहानशा ध्वनिक्षेपकातून इतके खालचे स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. वरच्या उपस्वरांवरून श्रोत्याचा मेंदू मूळ स्वराची कल्पना करून घेतो. भ्रमणध्वनीवर गाणे ऐकून 'यात बेस आहेच कोठे?' असे विचारणाऱ्यास वादक हसतात, त्याचे कारण हे होय.

भारतीय संगीताला खालच्या स्वराचे महत्त्व अपरिचित नाही. तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची असते आणि गायक पहाटे खर्जाचा रियाज करतात. तथापि तंबोऱ्याचा खर्ज स्थिर असतो, तर बेस गिटारचा खालचा स्वर सतत जागा बदलतो. त्याच्या बदलण्याने वरील स्वरांचा अर्थही बदलतो. उदाहरणार्थ, सा, ग आणि प हे तीन शुद्ध स्वर एकत्र वाजत असताना बेसवादकाने खाली सा धरल्यास प्रसन्न, स्थिर भाव निर्माण होतो. त्याच तीन स्वरांखाली मंद्र शुद्ध धैवत ठेवल्यास तेच स्वर उदासीनतेकडे झुकतात. गायकाने काहीही बदललेले नसते, तरी श्रोत्याला मात्र काहीतरी बदलल्याचे जाणवते. बेसवादकाचे सामर्थ्य या अदृश्य बदलात आहे.

हिंदी चित्रपटसंगीतातही हे कार्य दीर्घकाळ पडद्यामागेच राहिले. स्वरलिपी वाचू शकणाऱ्या गोमंतकीय वादकांनी मुंबईतील ध्वनिमुद्रणांना समृद्ध केले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे नाव बेसवादक म्हणून जाणकार घेतात. चरणजीत सिंग हेही चित्रपटसंगीतातील बेस गिटारवादक होते. त्यांनी १९८२ मध्ये दहा रागांची यांत्रिक तालावर केलेली ध्वनिमुद्रिका कित्येक वर्षांनंतर जगभर चर्चिली गेली. ज्या गाण्यांना त्यांनी पाया दिला ती गाणी घरोघरी पोहोचली, नावे मात्र फारशी पोहोचली नाहीत.

रोडपाली परिसर : सांगीतिक पार्श्वभूमी
१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर पनवेल-उरण पट्ट्यातील भातशेती व मिठागरांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादित झाल्या. रोडपाली हे गाव कळंबोली वसाहतीचा भाग बनले. जवळच लोखंड-पोलाद बाजार, तळोजा औद्योगिक क्षेत्र आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा प्रारंभ आहे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. मूळ आगरी वस्तीभोवती कोकण, घाटमाथा, मराठवाडा व परप्रांत येथून आलेल्या कुटुंबांच्या इमारती उभ्या राहिल्या.

या परिसरात एकाच वेळी अनेक संगीतपरंपरा नांदतात. आगरी लग्नात धवलारीण गाते ती धवळ्याची गाणी वाद्यांवाचून चालतात. हळदीला व मिरवणुकीला बेंजो पथक लागते. हा बेंजो म्हणजे पाश्चात्त्य बँजो नव्हे. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे निर्माण झालेल्या 'ताइशोगोतो' या कळांच्या तंतुवाद्याचा तो भारतीय वंशज होय, आणि त्याला विजेची जोड देऊन महाराष्ट्रात त्याचे स्वतंत्र वादनतंत्र घडले. बेंजोचा आवाज धारदार व उंच असल्याने पथकात खालची बाजू ढोल आणि कीबोर्ड सांभाळतात. याशिवाय चित्रपटगीतांचे ऑर्केस्ट्रा, चर्चमधील गायनवृंद आणि महाविद्यालयीन तरुणांचे रॉक बँड हेही आहेत. बेस गिटार हाती घेणारा हौशी वादक यांपैकी एकाहून अधिक ठिकाणी वाजवतो, म्हणून त्याचे बोलणेही मिश्र असते.

संभाषणातील प्रमुख विषय :

अ) बँड
बेसवादक बँडविषयी बोलताना गायकापेक्षा ड्रमवादकाविषयी अधिक बोलतो, हे बाहेरच्यास नवल वाटते. कारण सरळ आहे. ड्रमच्या पायपट्टीचा ठोका आणि बेसचा स्वर एकाच क्षणी पडला तरच समूह 'बसतो'. हा मेळ जुळलेला असेल तर गिटारवादकाची चूक खपून जाते, जुळलेला नसेल तर उत्तम गायकही उघडा पडतो. मुंबईतील बँडांची चर्चा निघाली की १९८४ मध्ये 'रॉक मशीन' म्हणून सुरू झालेल्या व पुढे 'इंडस क्रीड' झालेल्या समूहातील मार्क सेल्विन किंवा 'पेंटाग्राम'मधील पॅपल माने यांची नावे येतात. मराठी आडनावाचा वादक या क्षेत्रात अग्रभागी असणे ही अनेक तरुणांना दिलासा देणारी बाब आहे.

आ) सुपारी
कार्यक्रमाच्या ठरावाला 'सुपारी' म्हणण्याची रीत लोककलावंतांकडून ऑर्केस्ट्राकडे आणि तेथून बँडकडे आली. सुपारीच्या गप्पांत मानधन, वाहन, जेवण आणि ध्वनियोजना हे विषय असतातच. परंतु सर्वांत मोठी कसोटी पट्टीची असते. गायक ऐन वेळी 'काळी दोन' म्हणतो आणि बेसवादकाची अडचण होते. सर्वांत जाड मोकळ्या तारेचा स्वर 'पांढरी तीन' असतो. 'काळी दोन' त्याच्या अर्ध्या स्वराने खाली आहे. अर्थात गाण्याचा मूळ षड्जच हाताखालून निसटतो. मग तो एक सप्तक वर घ्यावा, तार उतरवावी किंवा पाच तारांचे वाद्य बाळगावे, असे तीन पर्याय उरतात. पहिल्याने पाया हलका होतो, दुसऱ्यासाठी मंचावर वेळ नसतो, तिसऱ्याला पैसे पडतात. या तीन पर्यायांवर होणारे वाद हे हौशी वादकांच्या बैठकीचे खास वैशिष्ट्य होय.

याच विषयाला एक खंतही जोडलेली आहे. यजमानाचे अंदाजपत्रक आखडले की समूहातून प्रथम वगळला जातो तो बहुधा बेसवादक. त्याचे काम कीबोर्डवादकाच्या डाव्या हाताकडे किंवा आधीच मुद्रित केलेल्या ट्रॅककडे दिले जाते. ट्रॅक चुकत नाही, परंतु तो थांबतही नाही. गायकाने भावावेगात एखादी ओळ पुन्हा घेतली, तर जिवंत वादक त्याच्याबरोबर वळतो, ट्रॅक मात्र पुढे निघून जातो.

इ) संगीतप्रकार
संगीतप्रकारांविषयीची चर्चा ही वस्तुतः 'किती वाजवावे आणि किती सोडावे' याची चर्चा असते. रॉकमध्ये मूळ स्वर ठामपणे धरला जातो. जॅझमध्ये प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकत बेस चालत राहतो. फंकमध्ये लॅरी ग्रॅहम यांनी रूढ केलेल्या पद्धतीने अंगठ्याचा आघात होतो. रेगेमध्ये बॉब मार्ली यांचे सहकारी ॲस्टन बॅरेट यांच्या वादनात स्वरांइतक्याच मोकळ्या जागा महत्त्वाच्या ठरतात. कोळीगीताच्या सहा मात्रांच्या झुलत्या चालीत पहिल्या व चौथ्या मात्रेला टेकू दिला की नाच आपोआप सुटतो. तेथे मधल्या मात्रा भरण्याचा मोह झाला तर चाल जड होते. रॉक वाजवून आलेल्या तरुणाला कोळीगीत सोपे वाटते आणि पहिल्याच हळदीत त्याचा भ्रमनिरास होतो.

जागा, नाद व नियम :
हौशी वादकांची खरी समस्या तंत्राची नसून जागेची आहे. ४१ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी आठ मीटरांहून अधिक असते. असा नाद भिंतीने सहज अडत नाही. तो शेजाऱ्याच्या घरात पोहोचतो, आणि तेथे सूर न पोहोचता केवळ घुमणे पोहोचते. शिवाय दहा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ५६ हर्ट्झचा नाद दोन भिंतींमध्ये साचून फुगतो. बेसच्या दुसऱ्या जाड तारेचा मोकळा स्वर ५५ हर्ट्झ आहे. त्यामुळे सामान्य सदनिकेत नेमकी तीच तार बेसुमार घुमते आणि वादकाला आपल्याच हाताचा अंदाज येत नाही. हेडफोन लावून एकट्याने सराव करता येतो, पण ड्रमवादकाशी मेळ जमविण्याचा सराव त्याने होत नाही.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. हे नियम नागरिकांच्या आरोग्यासाठी आवश्यक आहेत, यात दुमत नाही. मात्र ही मोजणी 'ए' भारित डेसिबलमध्ये होते. या पद्धतीत ५० हर्ट्झच्या नादाची नोंद प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० डेसिबलने कमी होते. मंद आवाजात मानवी कान खालच्या नादाला कमी संवेदनशील असल्याने ही रचना योग्य ठरते. परंतु आवाज प्रचंड वाढला की कानाचा हा फरक घटत जातो, मापकातील वजावट मात्र तितकीच राहते. परिणामी मिरवणुकीतील ध्वनिभिंतीचा दणका खिडकीच्या काचा हादरवत असताना मापकावरील आकडा त्या मानाने सौम्य दिसू शकतो. उलट बंदिस्त खोलीत सराव करणारा चार जणांचा समूह मात्र गिटार, झांज व गायन यांच्या वरच्या नादामुळे मापकात पुरेपूर पकडला जातो. 'बेस' या शब्दाची बदनामी ध्वनिभिंत करते आणि तिची किंमत वादक मोजतो, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

मुंबईतील रंगभवन हे याचे बोलके उदाहरण होय. १९८६ पासून सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाने तेथे नवोदित बँडांना हजारो श्रोते मिळवून दिले. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे तेथील ध्वनिवर्धकावरील कार्यक्रम बंद झाले. नियमाचे पालन झाले, परंतु पर्यायी खुला मंच त्या प्रमाणात उभा राहिला नाही. नेरुळ येथील डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात डिसेंबर २०१९ मध्ये 'यू टू' आणि जानेवारी २०२५ मध्ये 'कोल्डप्ले' यांचे भव्य कार्यक्रम झाले. रोडपालीहून ते अंतर फार नाही. जागतिक दर्जाचा बँड ऐकण्याची सोय झाली, स्वतः वाजवण्यासाठी एक खोली मिळण्याची सोय मात्र झाली नाही, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

महाविद्यालयांची भूमिका :
विद्यापीठीय युवा महोत्सवांत पाश्चात्त्य एकल वाद्यवादन व समूहगान या स्पर्धा असतात. परंतु बेस हे स्वभावतः एकल वाद्य नाही आणि समूहगानात तो साथीदारांच्या मोजक्या जागांपैकी एखादी मिळाली तर मिळते. त्यामुळे या वादकाचे मूल्यमापन फारसे होत नाही. महाविद्यालयांकडे मात्र एक गोष्ट असते, ती म्हणजे सायंकाळी रिकामी राहणारी, वस्तीपासून काहीशी दूर असलेली खोली. जाड पडदे, पुस्तकांची भरलेली कपाटे आणि ठरावीक वेळ एवढ्यावर वरच्या नादाचा प्रश्न बराच सुटू शकतो. खालचा नाद अशा साधनांनी थांबत नाही, त्यासाठी अंतर हाच उपाय, आणि ते अंतर सदनिकेपेक्षा महाविद्यालयाच्या आवारात अधिक मिळते. भौतिकशास्त्र विभागाने त्याच खोलीत नादमापनाचे प्रात्यक्षिक घेतल्यास संगीत व विज्ञान यांचा आंतरविद्याशाखीय उपक्रमही साकारेल.

निष्कर्ष :
१. हौशी बेसवादकांचे संभाषण वरवर हलकेफुलके वाटले, तरी त्यात स्वरसंवाद, लय, पट्टी व ध्वनिशास्त्र यांचे व्यावहारिक ज्ञान साठवलेले आहे.
२. 'बेस' म्हणजे दणका ही समजूत वादकाच्या कलेवर अन्याय करणारी असून 'ए' भारित मोजणीच्या मर्यादेमुळे ती अधिक दृढ होते.
३. मुद्रित ट्रॅक व आखडते अंदाजपत्रक यांमुळे समूहातील बेसवादकाचे स्थान डळमळीत झाले आहे.
४. रोडपालीसारख्या परिसरात श्रवणाच्या संधी वाढल्या असल्या तरी सरावाच्या जागेची उणीव कायम आहे. ती भरून काढणे शैक्षणिक संस्थांना अल्प खर्चात शक्य आहे.

इमारतीचा पाया दिसत नाही म्हणून त्यावरचा खर्च कोणी वाचवीत नाही. समूहसंगीताच्या बाबतीतही हाच न्याय लावणे उचित ठरेल.