नळीतून चढ, साधले घाटाने उतार: हरिश्चंद्रगडाची पाठीमागची बाजू

पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर हरिश्चंद्रगड उभा आहे. पाचनईहून गडावर जाणारी वाट घरातल्या लहानथोरांना झेपते, त्यामुळे गर्दी तिकडेच. कोकणातल्या बेलपाड्याहून निघणारी नळीची वाट मात्र सह्याद्रीतल्या कठीण चढाईंमध्ये मोजली जाते. नळीने चढून साधले घाटाने उतरले की फेरी पुन्हा बेलपाड्यातच पुरी होते. तिला दोन दिवस हाताशी हवेत.

बेलपाडा हे मुरबाड तालुक्यात माळशेज घाटाच्या पायथ्याजवळचे छोटे गाव. गावातूनच कोकणकड्याची प्रचंड भिंत समोर दिसते आणि माथा गाठायला हजार मीटरहून अधिक चढायचे आहे, याचा अंदाज तिथेच येतो. पहाटे निघणे शहाणपणाचे. सुरुवातीच्या जंगलात ढोरवाटा इतक्या फुटतात की गावातला वाटाड्या घेतलेला बरा.

जंगल संपले की ओढ्याचे कोरडे पात्र हीच वाट. आधी धोंड्यांवरून उड्या, मग दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत जातात आणि नळी सुरू होते. इथला खरा शत्रू उंची नव्हे, घसारा. पाय टाकला की मुरूम सरकतो, हाताला आलेला दगड सुटून हातातच राहतो. वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून माणसे अंतर राखून किंवा एकदम चिकटून चालतात, आणि ‘दगड!’ अशी आरोळी आली की कड्याला पाठ लावतात. मधल्या कातळटप्प्यांवर दोर लावावा लागतो. हेल्मेट आणि दोर हाताळणारा जाणता माणूस यांशिवाय इथे येऊ नये. फेरी उलट्या दिशेने न करण्याचे कारणही हेच: हे टप्पे उतरताना अधिक घातक ठरतात. पावसाळ्यात नळीतून पाण्याचे लोट येतात, उन्हाळ्यात पाणी मिळत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ, आणि तेव्हाही चार-पाच लिटर पाणी पाठीवर हवे.

वाट वर निघते ती कोकणकड्याच्या परिसरात. हा कडा सरळसोट नाही, मध्ये आत वळलेला आहे. काठावर पालथे झोपून पाहिले तरी त्याचे पोट दिसत नाही. खालून वारा इतका जोरात चढतो की टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. सकाळी सूर्य पाठीशी आणि दरीत ढग असेल, तर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, दिसू शकते. कर्नल साइक्स यांनी 1835 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. अनुभवी हातांनाही या कड्याने माफ केलेले नाही: ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी 2020 मध्ये इथेच अपघाती मृत्यू झाला.

मुक्काम पठारावर. पिठलं-भाकरी स्थानिक कुटुंबांकडे मिळते. सुट्टीच्या दिवसांत तंबूंची रांग आणि प्लास्टिकही भरपूर. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, सप्ततीर्थ पुष्करणी आणि केदारेश्वराची लेणी जवळजवळ आहेत. केदारेश्वराचे भव्य लिंग गार पाण्यात आहे आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच अखंड उरला आहे. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके 1234, म्हणजे इ.स. 1312 मध्ये, याच गडावर पुरा केला. सुमारे 1,430 मीटर उंचीचे तारामती शिखर मंदिरामागून चढता येते. नळी करून आलेल्याला ती चढण किरकोळ वाटते.

साधले घाट ही जुनी घाटवाट. दोराची गरज सहसा पडत नाही, पण उतार तीव्र आणि लांब असल्याने सगळा भार गुडघ्यांवर येतो. वाळल्या गवतावर बूट घसरतात, शिवाय वाट चुकण्याचा धोका आहेच, त्यामुळे उतरतानाही वाटाड्या सोबत ठेवावा. पाय बोलू लागले असतील तर सरळ पाचनईला उतरावे. मग बेलपाड्यात उभी केलेली गाडी आणायला मात्र घाट ओलांडून लांबचा वळसा घालावा लागतो.